अध्यक्षांचा ऑनलाइन मंडप

बोलायला तोंड उघडण्याआधी ते समोरच्या वस्तूवर दोन टिचक्या मारत. माइक असो वा नसो. टेबल असलं तर टेबलावर, चहाचा ग्लास असला तर ग्लासावर, आणि काहीच नसलं तर स्वतःच्या छातीवर. टक, टक. मग खाकरणं, मग 'हॅलो'. वेल्ह्याच्या बाजारात माझा कॉम्प्युटर क्लास होता, तहसील कचेरीच्या अलीकडे, जिना चढून वर गेलं की पहिलीच खोली. त्या एवढ्याशा खोलीत मी एकटी बसलेली असताना दारात उभे राहून ते जाहीर सभेच्या आवाजात विचारायचे, "म्याडम, लाईट हाय का आज?" खाली एसटीची वाट बघणारी माणसं दचकून वर बघायची. कुणीतरी उत्तरही द्यायचं, "हाय, हाय!"

सगळे त्यांना अध्यक्ष म्हणत. त्यांची बायकोसुद्धा. "अध्यक्ष हितं आल्यात का? जेवायचं राहिलंय त्यांचं," असा तिचा फोन मला कितीदा तरी आलेला आहे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या मंडप, लाईट आणि साऊंडवाल्यांची एक संघटना होती, तिचे ते अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलं हे कुणाला सांगता येत नव्हतं. भोरकडची मंडळी म्हणायची की संघटना स्थापन करायच्या सभेला मंडप त्यांचा होता आणि माइकही त्यांचाच होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोलताच आलं नाही.

अंगानं किडकिडीत, आवाज मात्र चार माणसांचा. डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या वरच्या खिशात टेस्टर आणि खालच्या खिशात सुतळीचा गुंडा. कुठंही गेले की आधी जागेचं माप घ्यायचे, डोळ्यांनीच. एकदा आजारी पाहुण्याला बघायला आम्ही बरोबर दवाखान्यात गेलो होतो. पाहुण्याच्या नाकात नळी, त्याची बायको रडकुंडीला आलेली, आणि अध्यक्ष वॉर्डच्या मधोमध उभे राहून वर बघतायत. मला हळूच, म्हणजे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, "म्याडम, त्यो मधला खांब नसता तर हितं मोठी पंगत बसली असती."

स्वतः घातलेल्या मंडपात ते कधीच बसले नाहीत. लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरी गाडीत बसली तरी हे उभेच. "माणूस बसला की लक्ष बसतं," म्हणायचे. आणि दुसरं ब्रीदवाक्य, जे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं, ते असं: "इस्टेज न्हाई तर कार्यक्रम न्हाई." हे नुसतं बोलणं नव्हतं. नातवाच्या बारशाला त्यांच्या घरात बायकांना बसायला जागा नव्हती, पण व्यासपीठ होतं.

या माणसाच्या हातात ऑनलाइन शिक्षण पडलं, मग काय होणार होतं!

झालं असं की राज्याच्या मोठ्या संघटनेनं आपल्या तालुका संघटनांसाठी मोबाईलवरून शिकायचे वर्ग सुरू केले. मंडपातली वीज कशी सांभाळायची, आग लागू नये म्हणून काय करायचं, वारं सुटलं तर काय करायचं, असे विषय. शेवटी परीक्षा आणि पास होणाऱ्याला प्रमाणपत्र. मोबाईलवर हा निरोप आला तेव्हा अध्यक्ष जिना धापा टाकत चढून आले आणि टिचकी मारायचंसुद्धा विसरले. "म्याडम! आपल्याला इद्या मिळणाराय! घरबसल्या! आन फुकाट!"

ही घाई नुसत्या विद्येची नव्हती. शिवऱ्याला हायवेच्या कडेच्या मोठ्या मैदानावर त्या वर्षी सामुदायिक विवाह सोहळा व्हायचा होता. दोन्ही तालुक्यांतली जोडपी, हजारोंची गर्दी. कुठे कुठे मंडप पडल्याच्या बातम्या ऐकून आयोजक धास्तावलेले होते. त्यांनी साफ सांगून टाकलं होतं की ज्यांच्याकडे परीक्षा पास झालेली माणसं असतील त्यांनाच काम, आणि मंडपाचा ताबा पास झालेल्याकडेच. नाहीतर पुण्याचा मोठा डेकोरेटर ठरलेला आहे. आमच्याकडच्या मंडपवाल्यांमध्ये कुणाकडे चार ताडपत्र्या आणि शंभर खुर्च्या, कुणाकडे एक जनरेटर. एवढं मोठं काम एकेकट्याला कधीच मिळालं नसतं. सगळ्यांनी मिळून करायची ही पहिलीच संधी होती, आणि ती जाणार की राहणार हे त्या परीक्षेवर होतं.

"आपल्या पोरापोरींची लग्नं," अध्यक्ष म्हणाले, "आन मांडव पुण्याचा? मग आमी काय, नुसत्या अक्षता टाकायला जायाचं व्हय?" मी त्याच क्षणी वर्ग जोडून द्यायचं कबूल केलं. माझा इतका उत्साह मलाच नवा होता.

पहिला वर्ग माझ्या खोलीत होईल, सगळे लॅपटॉपसमोर बसतील, अशी माझी कल्पना होती. सकाळी येऊन बघते तर मागच्या मोकळ्या जागेत मंडप उभा! हळदीकुंकू लावलेली मुहूर्तमेढ, आंब्याचे डहाळे, लाल-पिवळी झालर, कमान. कमानीवर 'स्वागतम्'. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या असतात ना, त्यातल्या नवऱ्याच्या खुर्चीवर माझा लॅपटॉप बसवायचा होता. "गुरू हायेत म्याडम. त्यास्नी काय टेबलावर ठेवायचं?"

लॅपटॉप बसवला. पडद्यावर शिकवणारे सर आले, पुण्यातले तरुण इंजिनिअर, टापटीप शर्ट, हसरा चेहरा. ते 'नमस्कार' म्हणतात न म्हणतात तोच अध्यक्षांनी माइकवर दोन टिचक्या मारल्या. दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं. संघटनेची वाटचाल झाली. मग सरांचा सत्कार. मनीषा नावाची पालीची एक सभासद होती, संघटनेतली एकुलती एक बाई. तिच्या हातात निरांजनाचं ताट देऊन तिला लॅपटॉपला ओवाळायला लावलं. मग हार घातला, झेंडूचा, भरगच्च. मग शाल.

"मला काहीच दिसत नाहीये," सर आतून म्हणत होते. "कॅमेऱ्यावर काहीतरी आलंय का? पिवळं दिसतंय."

"सर, ते आमचं प्रेम हाय," अध्यक्ष माइकवरून म्हणाले. टाळ्या.

फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडते हे मी अध्यक्षांना आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. भोरच्या उपाध्यक्षांचा, नंतर खजिनदारांचा आणि शेवटी माझाही सत्कार उरकून अध्यक्ष म्हणाले, "आता मी सरांना इनंती करतो की त्यांनी आपल्याला मार्गदर्शन करावं." सर म्हणाले, "धन्यवाद. तर मंडळी, वीज म्हणजे..." आणि पडदा काळा झाला. चाळीस मिनिटं संपली होती.

मला वाटलं आता गोंधळ होईल. छे! अध्यक्षांनी शांतपणे आभार मानले, वडापाव वाटले, आणि माणसं समाधानानं घरी गेली. "लई झ्याक झाला क्लास," असं मला तिघांनी आवर्जून सांगितलं.

मी भयंकर चिडले. शाल झटकून लॅपटॉप उचलला आणि सगळ्यांसमोर अध्यक्षांना झापलं. काय शिकलात आज? एक शब्द तरी? परीक्षेत काय लिहिणार, 'ते आमचं प्रेम हाय'? अध्यक्षांनी टोपी काढून हातात घेतली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माइकशिवाय कसा असतो ते मला कळलं. "म्याडम," ते म्हणाले, "पाव्हणा दारात आला आन त्याला पानीबी न इचारता कामाला जुंपायचा? त्यो आपल्याला इद्या देणार. आपुन त्याला काय देणार? आपल्याकडं मांडवच हाय."

या बोलण्यापुढे माझा राग टिकेना. पण वर्ग तर व्हायला हवा होता.

दुसऱ्या वर्गाला सत्कार शेवटी ठेवायचं त्यांनी कबूल केलं. पण साऊंडवाले गप्प बसतात होय! लॅपटॉपचा आवाज बारीक म्हणून त्यांनी मंडपाच्या चारी कोपऱ्यांना मोठे स्पीकर लावले. सरांचा आवाज स्पीकरमधून निघायचा, लॅपटॉपमध्ये शिरायचा, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि अशी शिट्टी घुमायची की झाडावरची पाखरं उठली. मधेमधे जे ऐकू आलं ते मात्र साऱ्या वेल्ह्यानं ऐकलं. अर्थिंग म्हणजे काय हे त्या दिवशी भाजीवालीला कळलं, एसटीच्या कंडक्टरला कळलं, कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांना कळलं. फक्त मंडपात बसलेल्या सभासदांना कळलं नाही, कारण त्यांनी कान दाबून धरले होते.

आता मी पुण्यात नोकरी करते. दिवसभर ऑनलाइन मीटिंगा असतात. कॅमेरे बंद, आवाज बंद, पडद्यावर नावांचे चौकोन. बोलणारा बोलून जातो आणि त्यानं चहा घेतला का हेही कुणी विचारत नाही. अशा वेळी मला झेंडूच्या हारामागून 'पिवळं दिसतंय' म्हणणारे ते सर आठवतात, आणि मी भर मीटिंगमध्ये एकटीच हसत सुटते.

त्या शिट्टीच्या वर्गानंतर सरांचीही गंमतच झाली. मला वाटलं होतं हे काही परत येत नाहीत. तर त्यांचाच फोन आला. म्हणाले, मी इतक्या तालुक्यांना शिकवतो, पण मला अजून कुणी ओवाळलं नव्हतं. तुमच्या लोकांसाठी मी रविवारी वेगळा वर्ग घेईन, मीटिंग माझ्या खात्यातून लावीन म्हणजे बंद पडायची नाही. फक्त एक अट, सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवरून, आपापल्या जागेवरून यायचं. मी ही अट अध्यक्षांना सांगितली. त्यांनी टोपी काढली, दोनदा फिरवली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "म्हंजी परत्येकाच्या हितं इस्टेज येगळं." असं स्वतःचं समाधान करून घेतलं आणि कामाला लागले.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! लग्नसराई तोंडावर आलेली, कुणाला एका जागी बसायला फुरसत नाही. तर अध्यक्षांनी फतवा काढला की मुहूर्तमेढ रोवली की पहिला मोबाईल तिलाच बांधायचा, सुतळीनं, छातीएवढ्या उंचीवर. त्या खांबाला लोक 'सरांचा खांब' म्हणायला लागले. कुणी शिडीवर, कुणी खड्डा खणतोय, आणि सर खांबावरून शिकवतायत. लगेच समोरच्या मंडपावर करूनही बघता यायचं. "सर, ह्यो बघा, ही वायर अशी लोखंडी पाइपावरनं गेलीया, चालंल का?" "अजिबात नाही! काढा आधी!" अरे, लोक वर्ग बुडवेनात. वधूपित्यांना कामं सांगता येईनात, कारण मंडपवाला म्हणायचा, "थांबा जरा, सर बोलत्यात."

अध्यक्ष तर पेटलेच होते. वर्गात सगळ्यात जास्त बोलणारा विद्यार्थी तेच. "माझा एक मुद्दा हाय," म्हणून सुरू व्हायचे. शिकलेलं पोटात ठेवायची त्यांना सवयच नव्हती. एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर, जो सापडेल त्याला अर्थिंग. एकदा घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला थांबवून त्यांनी समजावलं की वरातीत जनरेटरची गाडी किती अंतरावर ठेवावी. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून ऐकून घेतलं, बिचाऱ्याला दुसरं करता काय येणार होतं? वाऱ्याचा धडा त्यांचा सगळ्यात आवडता. छताच्या कापडात वारं भरलं की खांब उपटतात, म्हणून वारं यायच्या आत कापड सोडायचं, मेन बंद करायचा, माणसं मोकळ्यात न्यायची. "आयुष्यभर आमी कापड घट्ट बांधाय शिकलो," ते मला म्हणाले, "आन सर म्हणत्यात सोडाय शिका. काय भारी इचार हाय!"

सगळ्यात कमी बोलायची ती मनीषा. राजगडाच्या पायथ्याला पाली, तिथं तिचा छोटा मंडपाचा धंदा. खरं तर नवऱ्याचा. पण तो शिडीवरून पडला, पाठीचा मणका दुखावला, तेव्हापासून ती बघायची. गावं तिच्याकडून खुर्च्या न्यायची, भांडी न्यायची, पण मंडप उभारायचा म्हटलं की दुसऱ्याला बोलवायची. बाईच्या हातचा मंडप म्हटलं की लोकांना धीर व्हायचा नाही. आमची संघटनाही शहाणी नव्हती. सभेत तिला काम एकच, ओवाळायचं. वर्गात तिचा कॅमेरा नेहमी बंद, मागून शेळ्यांचा आवाज. पण सरांनी प्रश्न विचारला की सगळे गप्प असताना तिचं बारीक आवाजातलं उत्तर यायचं आणि सर म्हणायचे, "बरोबर!" एकदा मी तिला म्हटलं, तू बोलत जा ना जरा. ती म्हणाली, "ताई, शिवऱ्याचं काम आपल्याला मिळालं आन म्या त्यात एक तरी खांब उभा केला, तर गाववाल्यांस्नी दिसंल. तेवढंच पायजेल मला."

परीक्षा मोबाईलवरच होती. खोलीत एकट्यानं बसायचं, कॅमेरा चालू ठेवायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही; दुसरं कुणी उत्तर सांगतंय असा संशय आला तर परीक्षा बंद. अध्यक्षांनी माझ्या क्लासमध्ये बसून परीक्षा दिली आणि मी दाराबाहेर उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्यांनी सवयीनं मोबाईलवर दोन टिचक्या मारल्या, त्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप देऊन झालं. मग खाकरले. "प्रश्न क्रमांक दुसरा!" मी दाराला कपाळ टेकलं. मोबाईलनं सूचना दिली, बोलू नका. अध्यक्ष म्हणाले, "सूचना मिळाली. धन्यवाद." दुसरी सूचना आली. त्यांनी तिचंही जाहीर वाचन केलं. तिसऱ्याला परीक्षा बंद.

मनातल्या मनात वाचणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. ते आजवर पास झालेले नाहीत. दर खेपेला बसतात, दर खेपेला गप्प राहायची शपथ घेऊन बसतात, आणि पाच-सहा प्रश्नांपर्यंत पोचतात.

बाकीचे मात्र पास झाले! भोरचे झाले, वेल्ह्याचे झाले, आणि सगळ्यांत पहिली आली मनीषा. आयोजकांना हवी होती त्याहून जास्त माणसं पास झाली. शिवऱ्याचं काम आमचं! बातमी आली तेव्हा मी क्लासमध्ये अक्षरशः उड्या मारल्या, खाली चहावाल्यानं वर येऊन विचारलं काय झालं म्हणून.

पण अध्यक्ष दोन दिवस कुणाला दिसले नाहीत. त्यांच्या बायकोनं सांगितलं, "खाटंवर पडल्यात. बोलंनात." अध्यक्ष बोलत नाहीत! मला भीतीच वाटली. संघटनेची बैठक बसली ती त्यांच्याच ओसरीवर. मंडपाचा ताबा पास झालेल्याकडे हवा, आणि पहिली मनीषा, म्हणजे नियमानं तीच. भोरचे उपाध्यक्ष म्हणाले, "त्यात काय एवढं? कागदावर तिचं नाव लावू. हुकूम अध्यक्षांचाच. आयोजकांना कुठं कळतंय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मनीषानं खाली बघितलं. मी अध्यक्षांकडे बघत होते. ते खिशातली सुतळी गुंडाळत बसले, ना हो, ना नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी चहा न घेता उठले.

लग्नाच्या दिवशी मीही शिवऱ्याला गेले. आणि तो मंडप बघून सगळा राग विसरले. हायवेवरून जाणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघत होत्या! लोखंडी पाइपांचे खांब रांगेनं, वर पांढरं-केशरी छत, एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाहून ओळखू येऊ नये एवढा लांब. प्रत्येक सभासदाची झालर वेगळ्या रंगाची, त्यामुळे ठिगळं जोडल्यागत दिसत होता, आणि मला तर तो पुण्याच्या कुठल्याही मंडपापेक्षा देखणा वाटला. अध्यक्ष नव्या कोऱ्या टोपीत, हातात माइक, आनंदानं नुसते उकळत होते. हुकूम त्यांचेच चालले होते. मनीषा खांबांमधून फिरत होती, गाठी ओढून बघत होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

गोरज मुहूर्त होता. जोडपी स्टेजवर आली, पुढाऱ्यांची भाषणं सुरू झाली. तेवढ्यात पश्चिमेचं आभाळ काळवंडलं. हवा पडली, पान हलेना. मंडपाच्या टोकावर मनीषानं एक चिंधी बांधली होती, ती आधी लोंबली आणि मग एकदम आडवी झाली. मी तिच्या शेजारीच होते. तिचा चेहरा बदलला. ती धावत स्टेजकडे गेली आणि खालून ओरडली, "मेन बंद करा! छत सोडा! माणसं भाईर काढा!"

प्रमुख पाहुणे बोलत होते. आयोजकांतले एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. "आत्ता? पाव्हण्यांचं भाषण चालू हाय, मुहूर्त तोंडावर आलाय, आन छत सोडा?" उपाध्यक्षांनी तिचा हात धरून तिला बाजूला घ्यायला बघितलं. ती हलेना. गृहस्थ अध्यक्षांकडे वळून गरजले, "ओ, अध्यक्ष तुमी हाय ना हितं? आवरा की बाईला!"

सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. त्यांनी आभाळाकडे बघितलं. मग छताकडे, हजारो माणसांच्या डोक्यावर पसरलेल्या, दोन तालुक्यांच्या अब्रूच्या त्या छताकडे. मग मनीषाकडे.

"मी न्हाई," ते म्हणाले. "हितं अध्यक्ष ती. जी पास झाली ती."

आणि माइक टाकून ते जनरेटरकडे पळाले! या वयात, धोतर सावरत, असे पळाले की मला वाटलं पडतात आता. पाहुण्यांचा शब्द अर्ध्यावर तुटला. दिवे गेले. "भाईर! मोकळ्यात चला! पोरं उचला! खांबाला धरू नका!" अध्यक्षांचा तो उघडा आवाज साऱ्या मैदानावर फिरला. सभासद शिड्यांवर चढले, सरकगाठी सटासट सुटल्या, आणि छताचं कापड एकेक पट्टा करत खाली आलं. शेवटचा पट्टा जमिनीला लागला न लागला तोच वारं आलं. काय वारं ते! खुर्च्या पत्त्यांसारख्या उडाल्या, कमान आडवी झाली, धुळीनं डोळे उघडेनात. बायका पोरांना पोटाशी धरून जमिनीवर बसल्या. मी कुणाचं तरी बाळ कवटाळून बसले होते, आजही मला माहीत नाही कुणाचं.

वारं गेलं. डोळे पुसून बघितलं तर नुसते पाइप उभे होते, रांगेनं, एकही न वाकलेला. माणसं एकमेकांना हाका मारत होती. कुणाला काही झालं नव्हतं. कुणालाही! मला रडू फुटलं आणि मी रडत रडत हसत होते.

पण लगेच दुसरी घाई सुरू झाली. अंधारून आलेलं, मुहूर्त निसटत चाललेला. "लाईट लावा! लाईट लावा!" गृहस्थ स्वतः मेनकडे धावले. अध्यक्ष खटक्यावर हात ठेवून आडवे उभे राहिले. "ती सांगंल तवा."

मनीषा बॅटरी घेऊन एकेक खांब बघत निघाली होती. बायकांच्या बाजूला ती थांबली. दिव्यांची एक माळ तुटून तिची उघडी तार लोखंडी पाइपाला चिकटली होती, आणि त्याच पाइपाला टेकून लेकुरवाळ्या बायका उभ्या होत्या. तिनं त्यांना मागं सारलं, तार सोडवली आणि बाजूला गुंडाळून टाकली. ते बघून गृहस्थ मेनपासून मागे सरकले.

"लावू का?" अध्यक्षांनी लांबून विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "अजून कडंचे खांब ऱ्हायल्यात."

अध्यक्ष थांबले. पाहुणे थांबले, भटजी थांबले, अंतरपाट धरलेले मामा थांबले. पालीची माणसंही होती त्या गर्दीत, तीही मान उंचावून बघत होती. बॅटरीचा उजेड एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जात होता. शेवटच्या खांबापाशी ती वाकली, खालपासून वरपर्यंत बघितलं, हात पदराला पुसले आणि वळली.

"लावा," मनीषा म्हणाली.